कोतवडेकर सरांच्या पायातली जोडवी

डॉ. श्रीनिवास कोतवडेकर सरांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा सरांनी माझ्या तोंडाकडं पाहिलंच नाही. माझ्या हाताकडं पाहिलं आणि आनंदानं ओरडले, "वा! बांगड्या नाहीत!"

मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीत मी दुपारचे डबे पोचवते. तिथल्या एका लेथच्या कारखान्यात माझे यजमान कामाला होते. ते गेल्यावर मी त्याच कारखान्याच्या कामगारांना डबे द्यायला लागले, मग शेजारपाजारचे कारखानेही जोडले गेले. शेजारची एक शेड बरीच वर्षं बंद होती. मुंबईत मोठ्या संस्थेत काम केलेले कुणी शास्त्रज्ञ निवृत्त होऊन रत्नागिरीला परतलेत आणि त्यांनी ती शेड घेतलीय, एवढंच कानावर होतं. एक दिवस तिथून दोन डब्यांची मागणी आली. दार ढकलून आत गेले तर अंधार. मध्ये पाण्यानं भरलेला टब, वर लोंबणाऱ्या वायरी, आणि टबाजवळ नारिंगी काचांचा चष्मा लावलेले उंच, हडकुळे गृहस्थ. मी डबा खाली ठेवायला हात पुढं केला आणि वर सांगितलं तसं झालं. पाठोपाठ म्हणाले, "हात दाखवा, हात दाखवा."

मी म्हटलं, "मला भविष्य बघायचं नाही. झालं तेवढं पुरे."

"भविष्य नको हो! रक्तवाहिन्या! अगदी बारीक, केसाहून बारीक!"

सरांबरोबर काम करणाऱ्या इंजिनिअर अस्मिता मॅडम तिथंच उभ्या होत्या. त्यांनी माझं कपाळ पाहिलं आणि जमिनीकडं बघायला लागल्या. सरांच्या मात्र काही लक्षात आलं नव्हतं. ते बिचारे खरोखरच हात शोधत होते. त्यांच्या यंत्राला टबात ठेवायला एक स्थिर, मोकळा हात हवा होता. समोरच्या काजूच्या कारखान्यातल्या बायकांना विचारून झालं होतं. मशीनसाठी हिरव्या बांगड्या उतरवायला एकही तयार नव्हती. पुरुष हात द्यायचे, पण दर पाच मिनिटांनी एकेकाला तंबाखू आठवायची आणि हात हलायचा. असे सर हवालदिल झालेले असताना मी डबा घेऊन उभी राहिले.

संध्याकाळी घरी गेल्यावर सरांनी मोठ्या उत्साहानं ही बातमी माईंना, म्हणजे त्यांच्या पत्नीला सांगितली. माईंनी कपाळावर हात मारून घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी सर स्कूटरवरून माझ्या दारात. क्षमा मागायला आले होते, पण शास्त्रज्ञाची क्षमाही सविस्तर असते. काय चुकलं, का चुकलं, पुन्हा चुकू नये म्हणून काय करता येईल, असं सगळं होईपर्यंत चहावर साय धरली. शेवटी मीच म्हटलं, "सर, इतक्या वर्षांत या हाताकडं बघून सगळ्यांनी नजर फिरवली. वा म्हणणारे तुम्ही पहिले. उद्यापासून येते."

सरांच्या अमृतमहोत्सवाच्या या ग्रंथात त्यांचे विद्यार्थी आणि सहकारी त्यांच्या संशोधनाबद्दल लिहितीलच. संपादक मंडळींनी मला विचारलं तेव्हा मी म्हटलं, मी कशी लिहिणार? माझी शाळा सातवीत सुटली, पुढचं जे काय आहे ते वाचनालयातून घरी आणून वाचलेलं. तर ते म्हणाले, तुम्ही हाताच्या वतीनं लिहा. तेव्हा हे हाताचं म्हणणं समजावं.

यंत्र काय करतं ते सरांनी मला ज्या भाषेत सांगितलं त्याच भाषेत सांगते. त्या दिवशी आभाळ होतं. मध्येच ढग बाजूला झाला, ऊन पडलं, आणि शेडचा पत्रा तडतड वाजायला लागला. सरांनी बोट वर केलं. "ऐकलंत? पत्र्यावर ऊन पडलं, पत्रा तापला, फुगला, वाजला. उजेडाचा आवाज झाला. बरोबर? आता आम्ही लेसरचा उजेड तुमच्या हातावर टाकतो. क्षणाचाही अगदी बारीक तुकडा, तेवढाच वेळ. कातडी तो उजेड फारसा धरत नाही, रक्त धरतं. रक्त इतकंसं तापतं, इतकंसं फुगतं आणि वाजतं. तुम्हाला ऐकू येणार नाही, मला येणार नाही, पण पाण्यातल्या या सेन्सरला येतं. कुठून आवाज आला ते कळलं की संगणक तिथं टिंब काढतो. टिंबं जोडली की रक्तवाहिनी. सुई नाही, औषध नाही, काही नाही."

मी विचारलं, "म्हणजे माझं रक्त तडतडतं?"

"तुमचं, माझं, सगळ्यांचं."

माझं तडतडतं हे माझ्या सासरी सगळ्यांना आधीपासून माहीत होतं, असं मी म्हटलं. सर इतके हसले की टबातलं पाणी हललं आणि अस्मिता मॅडमना पहिल्यापासून सुरुवात करावी लागली.

हात पाण्यात, नारिंगी चष्मा डोळ्यांवर, हलायचं नाही, बोलायचं नाही. दोन्हींतलं दुसरं कठीण. सर स्वतः मात्र सतत बोलत. वीज गेली की छताकडं बघून बोलत, आली की तिचे आभार मानत. पाण्यात बुडबुडा आला की त्याला "कोण तुम्ही? कुणाला विचारून आलात?" असं विचारत. लोकांना वाटतं शास्त्रज्ञ गप्प असतात. आमचे सर यंत्राशी जेवढं बोलले तेवढं माझी सासू कोंबड्यांशीही बोलली नसेल.

माझ्या हाताचं पहिलं चित्र पडद्यावर आलं तेव्हा मला आमची पूर्णगडची खाडी आठवली. ओहोटीला पाणी उतरलं की चिखलात वाटा दिसतात, मोठीतून लहान, लहानीतून आणखी लहान, पार टोकापर्यंत. अगदी तशाच. पूर्णगड माझं सासर. मी म्हटलं, "सर, माझ्या हातात खाडी आहे." सरांनी ते इतक्या गंभीरपणे ऐकलं की पुढं परदेशातून आलेल्या पाहुण्यांनाही त्यांनी ते चित्र दाखवताना इंग्रजीतून खाडी समजावून सांगितली. पाहुण्यांना चित्र कळलं, खाडी कळली नाही.

सरांचा दुसरा गुण म्हणजे चूक झाली की ती स्वतःच सगळ्यांना हाका मारून दाखवणं. एका वैशाखातली गोष्ट. यंत्रात एकदम नवलच दिसायला लागलं. बोटांच्या टोकांना रक्तच रक्त, जणू कातडीच्या वरच्या थरात वाहिन्यांचं जाळं दाटलंय. माझ्या हाताला दिसलं. शेडच्या राखणदाराच्या हाताला दिसलं. काजूच्या कारखान्यातल्या एका नव्या मुलाच्या हाताला दिसलं. सरांना झोप लागेना. हवेतल्या दमटपणामुळं, उन्हाळ्यामुळं, की समुद्राजवळच्या माणसांचं रक्तच असं? त्यांनी पुण्याच्या एका जुन्या विद्यार्थ्याला चित्रं पाठवली. विद्यार्थ्याचा फोन आला. मी तिथंच होते, फोन मोठ्या आवाजावर होता.

"सर, तुमच्या गावात सगळ्यांना एकच आजार आहे का?"

"आजार नाही रे, ही बहुतेक नवीनच गोष्ट आहे!"

"सर, सगळ्यांत काय सारखं आहे ते बघा की."

सरांनी माझ्या हाताकडं पाहिलं, मग राखणदाराच्या, मग स्वतःच्या. मग स्वतःचं बोट नाकाशी नेलं. वैशाख म्हणजे रातांब्यांचे दिवस. घरोघरी फळं फोडून आमसुलं वाळत घातलेली, सगळ्या गावाची बोटं लालजांभळी. तो रंग लेसरचा हिरवा उजेड रक्तासारखाच गिळतो. यंत्राची चूक नव्हती. त्यानं प्रामाणिकपणे सोलकढीचा फोटो काढला होता.

दुसरा कुणी असता तर ती चित्रं पुसून टाकून गप्प बसला असता. सरांनी ती मोठी करून शेडच्या भिंतीवर लावली, खाली लिहिलं, "आमसूल". येणाऱ्या प्रत्येकाला ती आधी दाखवतात, यंत्र नंतर. म्हणतात, "आपण किती सहज फसतो ते पहिल्यांदा बघा, मग माझ्यावर विश्वास ठेवा."

विश्वास मात्र लोक भलताच ठेवायचे. इथल्या एका वार्ताहरानं छापलं की मिरजोळ्यात सगळे आजार ओळखणारं यंत्र आलंय. दुसऱ्या दिवशी दारात रांग. कुणाचा गुडघा, कुणाची कंबर, कुणी म्हातारीचे जुने एक्स-रे पिशवीत घालून आणलेले. पूर्णगडचे एक गृहस्थ तर विहीर कुठं खणायची ते विचारायला आले होते.

"रक्ताच्या वाटा दिसतात तर पाण्याच्या का नाय दिसणार?"

सर रागावले नाहीत. कातळातून उजेड आत जात नाही, आणि अंगातसुद्धा अगदी थोडाच जातो, म्हणून फक्त वरवरच्या बारीक वाहिन्या दिसतात, हे त्यांनी त्यांना बराच वेळ समजावलं.

"म्हणजे खोलचं कायच दिसत नाय?"

"नाही."

"मग कसलं मशीन!" म्हणून गृहस्थ निघाले. सर त्यांना दारापर्यंत सोडायला गेले आणि परत येऊन म्हणाले, "आज आलेल्यांत एवढ्या एकाच माणसाला यंत्र नीट कळलं." रांगेतल्या बाकीच्या सगळ्यांना त्यांनी हात जोडून सांगितलं की हा दवाखाना नाही, आणि वार्ताहराला बोलावून तसं छापायला लावलं.

आता जे सांगायला मी खरं तर लेखणी घेतली ते सांगते.

माझे यजमान मधुमेहानं गेले, तेही पायाच्या वाटेनं. पायाच्या बोटावर काळा डाग दिसला तेव्हा ते म्हणाले, "ग्रीस असेल." लेथवर काम करणाऱ्या माणसाच्या अंगावर ग्रीस असतंच. मीही साबणानं घासून पाहिलं. दुखत नव्हतं, म्हणून कुणाला भीती वाटली नाही. दुखत नव्हतं हेच भिण्यासारखं होतं, हे आम्हाला नंतर कळलं. आधी पाय गेला, मग ते. याच्यापुढं मी त्याबद्दल लिहीत नाही. सगळं जिथल्या तिथं आहे, रोज असतं.

दोन वर्षांपूर्वी गणपतीला पूर्णगडला गेले होते. माझ्या थोरल्या जाऊबाई तिथं असतात, सुकी मासळी विकतात. भावोजी मुंबईला नोकरीला. जाऊबाई ओटीवर पाय सोडून बसल्या होत्या आणि त्यांच्या डाव्या पायाच्या दुसऱ्या बोटावर, जोडव्याच्या पुढं, मला काळसर दिसलं.

"हे काय हो?"

"चांदीचा डाग गो. घामानं पडतो."

साखर त्यांनाही होती. डॉक्टरकडं चला म्हटलं तर म्हणाल्या, "डाक्टर कापतात. तुज्या घरात बघितलंय मी." दोन दिवस विनवण्या केल्या. शेवटी म्हटलं, दवाखाना नको तर नको, आमच्या सरांकडं चला. तिथं कापत नाहीत, नुसता उजेड पाडतात. त्याला त्या कबूल झाल्या.

सर मात्र कबूल होईनात. "हे डॉक्टरांचं काम. आधी तिकडं न्या." मी सगळं सांगितलं. सर खाली वाकून जाऊबाईंना म्हणाले, "मी चित्र काढीन. हातापायांची चित्रं काढायची मला रीतसर परवानगी आहे. पण चित्र चांगलं येवो, वाईट येवो, ते घेऊन तुम्ही आजच डॉक्टरांकडं जायचं. कबूल?"

जाऊबाईंनी माझ्याकडं पाहिलं, पत्र्याकडं पाहिलं, म्हणाल्या, "कबूल."

"मग जोडवी काढा."

"ती नाय काढायची."

अस्मिता मॅडमनी समजावलं, की धातूमुळं नेमकं हवं ते बोटच दिसणार नाही. जाऊबाई म्हणाल्या, "लगीन झाल्यापास्नं पायात हायेत. बाळंतपणात नाय काढली. मशीनसाठी काढू? उद्या तिकडं मुंबईत ह्यांना काय झालं म्हंजे?"

मी भावोजींना फोन लावला आणि मोठ्या आवाजावर ठेवला. ते ओरडले, "अगं काढ ना! मी काय जोडव्यांवर चालतो का?"

"तुमी गप्प बसा. तुमाला काय कळतंय तुमच्या मरणातलं?"

"बोट जाईल गं तुझं!"

"जाऊ दे. जोडवं दुसऱ्या बोटात घालीन."

फोनवर भावोजी आणि इकडं आम्ही, सगळे थकलो. शेवटी जाऊबाई जरा नरमल्या. म्हणाल्या, काढीन, पण दोन्ही पायांतली, कारण जोडी मोडायची नाही. आणि खाली ठेवायची नाहीत, पेटीत नाहीत, कपाटात नाहीत. तेवढ्या वेळापुरती पायातच राहिली पाहिजेत, दुसऱ्या कुणा सवाष्णीच्या.

माई मुलीकडं पुण्याला गेल्या होत्या. अस्मिता मॅडमचं लग्न झालेलं नव्हतं. जाऊबाईंची नजर माझ्या पायांवर आली आणि लगेच दुसरीकडं गेली. त्यांच्या मनात वाईट नव्हतं, मला ठाऊक आहे. माझे पाय सगळ्यांत जवळ होते, एवढंच. पत्राही वाजला नाही.

सर स्टुलावर बसले आणि दोन्ही अनवाणी पाय पुढं केले.

"द्या इकडं. माझंही लग्न झालेलं आहे. चाळीसहून जास्त वर्षं झाली. माझ्या पायात काही घालायचं तेवढं राहून गेलंय."

जाऊबाईंनी पदर तोंडात कोंबला. "अवो, पुरुषाच्या पायात?"

"तुमच्या नियमात लग्न झालेला पाय पाहिजे. हा झालेला आहे. बायको पुण्यात सुखरूप आहे, हवं तर फोन करून विचारा."

माझ्या हातातल्या फोनमधून भावोजी ओरडले, "घाल गो सरांच्या पायात! म्हणजे दोघंही जगू!"

मग जाऊबाई हसल्या. गणपतीपासून पहिल्यांदा. तेल लावून, दोरा गुंडाळून आम्ही जोडवी उतरवली आणि सरांच्या पायांत घातली. जोडवी खालून उघडी असतात. प्रयोगातली कुठलीही वस्तू सैल ठेवायची नाही, या सवयीनं सरांनी ती स्वतःच्या हातानं घट्ट दाबून बसवली.

जाऊबाईंचा पाय टबात गेला. "गरम हाय की गो पाणी, आंघोळीसारखं," म्हणाल्या. सरांनी "हलू नका" म्हटलं. "नाय हलत," म्हणाल्या आणि हलल्या. असं दोनतीनदा होऊन चित्र यायला लागलं. पडद्यावर पावलाच्या वाटा उमटल्या, मोठीतून लहान, लहानीतून आणखी लहान. शेजारच्या बोटात टोकापर्यंत गेल्या. त्या बोटात मात्र पेरापाशी येऊन थांबल्या. पुढं काळं. भरतीचं पाणी यायचंच राहिलेली खाडी.

सर गप्प झाले. वीज गेली तरी बोलणारे सर गप्प झाले, तेव्हाच मला कळलं. उठले, गाडीची किल्ली घेतली आणि म्हणाले, "चला. आत्ता."

दवाखान्यात आम्ही असे पोचलो: पुढं सर, पायांत चपला आणि चपलांत जोडवी, मागं मी आणि जाऊबाई. डॉक्टरांनी सरांच्या पायांकडं बघून अदबीनं विचारलं, "तुमच्यापैकी पेशंट कोण?" सरांनी चित्र पुढं केलं आणि लगेच बजावलं, "याच्यावर ठरवू नका. हे अजून शिकाऊ यंत्र आहे. तुमच्या तपासण्या करा, पण आज करा." डॉक्टरांनी त्यांच्या तपासण्या केल्या. पायाची मोठी रक्तवाहिनी वर गुडघ्याजवळ तुंबली होती. तिथपर्यंत सरांचं यंत्र बघूच शकत नव्हतं. पूर्णगडच्या त्या गृहस्थांचं म्हणणं खरं होतं. पण टोकाला पाणी पोचत नाही, एवढं यंत्रानं वेळेत सांगितलं.

रक्तवाहिनी उघडायचं ठरलं. आत नेताना जाऊबाईंनी सरांना हाक मारली. मला वाटलं आभार मानतील. म्हणाल्या, "सर, मी पायावर चालत परत येस्तवर ती काढायची नायत हां."

"नाही काढणार," सर म्हणाले.

मला वाटलं, धीर द्यायला म्हणाले असतील. पण सरांनी दिलेला शब्द आणि सरांनी जोडलेली वायर, दोन्ही सुटत नाहीत. भावोजी मुंबईहून आले, माई पुण्याहून आल्या. माईंनी सरांचे पाय पाहिले आणि म्हणाल्या, "इतक्या वर्षांनी माझं सौभाग्य यांनी मनावर घेतलं." दवाखान्यातला मुक्काम लांबला आणि नेमकी त्याच दिवसांत दिल्लीहून समिती यायची ठरली. यंत्राला पुढं मदत द्यायची की नाही ते त्या मंडळींच्या हातात होतं. सरांच्या शेडचा नियम असा, की धूळ नको म्हणून चपला-बूट बाहेर, पायमोजेसुद्धा बाहेर. नियम सरांनीच केलेला. अस्मिता मॅडमनी सुचवलं, "सर, आजच्यापुरते मोजे?" सर म्हणाले, "नियम म्हणजे नियम."

मी चहा घेऊन गेले होते, म्हणून हे डोळ्यांनी पाहिलं. कोट घातलेली, अनवाणी, मोठमोठी माणसं. समोर सर, दोन्ही पायांत चांदीची जोडवी, प्रकाश आणि ध्वनीवर बोलताहेत. समितीतलं कुणी पडद्याकडं बघेना. शेवटी त्यांच्या प्रमुखांनी घसा साफ करून जोडव्यांकडं बोट दाखवलं आणि विचारलं, हाही प्रयोगाचा भाग आहे का? सर म्हणाले, "हो. अजून चालू आहे. निकाल आला की कळवतो." आणि पुढच्या चित्राकडं वळले. मदत मंजूर झाली. यंत्रामुळं की जोडव्यांमुळं, ते सर अजून सांगत नाहीत.

निकाल असा आला. जाऊबाईंच्या बोटाचं टोक गेलं, बोट राहिलं. पाऊल राहिलं. एक दिवस भावोजींचा हात धरून त्या स्वतःच्या पायांनी शेडमध्ये चालत आल्या. दाराबाहेर एक चप्पल काढली, दुसऱ्या पायाच्या बोटाच्या टोकाला पट्टी होती तर "पट्टी काढू?" म्हणून सरांना विचारलं. सरांना हसावं की रडावं कळेना. दोन्ही केलं त्यांनी.

मग जोडवी काढायची वेळ आली आणि ती निघेनात. सरांनी घट्ट बसवलेली, त्यात बोटं सुजलेली. खोबरेल झालं, साबण झाला, दोरा झाला. अस्मिता मॅडम म्हणाल्या, "कापावी लागणार."

जाऊबाई कडाडल्या, "माजं बोट वाचवलंत आणि जोडवं कापताय होय?"

माझ्या डब्यांच्या पिशवीत यजमानांची नाकपक्कड असते. डब्यांच्या कड्या वाकतात, त्या सरळ करायला लागते. तिचं टोक बारीक आहे. मी ती काढली, जोडव्याच्या उघड्या तोंडात घातली आणि हळूच फाकवलं. सर म्हणाले, "अगदी अचूक हत्यार आहे हो." मी म्हटलं, "माणूसही तसाच होता." सरांनी मान हलवली. पुढं काही विचारलं नाही. हा त्यांचा मोठेपणा मला नेहमी कळतो.

दोन्ही जोडवी माझ्या तळहातावर आली. घालायचं काम सवाष्णीचं. माई शेजारीच उभ्या होत्या, मी हात त्यांच्याकडं केला. पण जाऊबाई स्टुलावर बसल्या होत्या, त्यांनी पाय उचलला आणि माईंच्या समोरून माझ्याकडं आणला.

"तूच घाल गो."

मी तशीच उभी.

"घाल ना. पाय अवघडला माजा. ह्या पायाकडं पहिल्यांदा कुणी बघितलं?"

मी खाली बसले आणि घातली. ते बोट गरम होतं. मी जरा जास्त वेळ धरून ठेवलं, तर वरून आवाज आला, "झालं की गो, का मशीन हायेस तू?"

सरांच्या दोन्ही पायांच्या दुसऱ्या बोटांवर जोडव्यांचा वळ अजून आहे. या अमृतमहोत्सवात त्यांना शाल मिळेल, श्रीफळ मिळेल, मोठी माणसं मोठं बोलतील. माझी सगळ्यांना विनंती आहे की नमस्कार करताना वाकाल तेव्हा तो वळ बघून घ्या. सरांचं सगळं काम त्यात आहे.

सर, तुमच्या रक्तातला प्रत्येक थेंब टोकापर्यंत पोचत राहो आणि असाच तडतडत राहो. तुमची तब्येत चांगली राहो, शेडची वीज टिको, टबात बुडबुडे न येवोत. माईंची आणि तुमची सोबत खूप खूप वर्षं राहो. तुमच्या शंभरीलाही दुपारचा डबा मीच घेऊन येईन. तेव्हाही हात लागला तर सांगा, मोकळाच आहे. दिवस रातांब्यांचे असले तर तेवढा आधी धुऊन येईन.